मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पुन्हा धूसर दिसतंय? जाळी आणि याग लेझर: घरच्या तपासणीपासून नव्या चष्म्यापर्यंत

आईच्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "अगं, आपल्या स्वयंपाकघराची भिंत एवढी पांढरी आहे?" पुढची दोन वर्षं छान गेली. मग एका संध्याकाळी तांदूळ निवडताना तिने ताट खिडकीपाशी ओढून घेतलं. काही दिवसांनी ती ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसायला लागली, आणि महिन्याभरात निवडायचं ताट मुकाट्याने माझ्याकडे आलं. विचारलं तर म्हणाली, "वय झालं आता." आम्हीही मान डोलावली. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला, नवा चष्मा केला, पैसे गेले आणि धूसरपणा होता तिथेच राहिला. तीन महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पाहिलं आणि म्हणाले, "लेन्सच्या मागे जाळी आलीय, याग करावं लागेल." लेझरला जेमतेम पाच मिनिटं लागली.

ते तीन महिने आम्ही अज्ञानापोटी घालवले. कुठे जायचं, काय विचारायचं, लेझरच्या आधी काय बघून घ्यायचं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी हे समजून घ्या: मोतीबिंदू परत आलेला नाही

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. द्राक्षाचा गर सालीत असतो तसं. मोतीबिंदू म्हणजे आतला गर गढूळ होणं. ऑपरेशनमध्ये पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल खिडकी करतात, गढूळ झालेलं भिंग फोडून खेचून घेतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम लेन्स बसवतात. पिशवीची मागची साल मुद्दाम जपून ठेवतात. ती केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असते, पण लेन्सला आधार तिचाच असतो आणि डोळ्याच्या मागच्या भागातला जेलीसारखा द्रव तिच्यामुळेच मागे राहतो.

पिशवी कितीही स्वच्छ केली तरी तिच्या कडेला भिंगाच्या काही पेशी उरतातच. त्या जिवंत असतात. महिने जातात, वर्षं जातात, आणि त्या हळूहळू मागच्या सालीवर सरकत येतात. कुणाच्या डोळ्यात त्यांचे मोत्यांसारखे बारीक पुंजके होतात, कुणाच्या डोळ्यात साल जाड होऊन तिला सुरकुत्या पडतात. यालाच दवाखान्यात "जाळी आली" म्हणतात. गढूळ झालेलं भिंग कधीच बाहेर गेलंय, बसवलेली लेन्सही स्वच्छ आहे, फक्त तिच्या मागची काच धुरकटली आहे.

मग ती साल ठेवतातच कशाला, असा प्रश्न आईने विचारला होता. त्याचं उत्तर माझ्या आजीच्या चष्म्यात होतं. आजीच्या पिढीत भिंग पिशवीसकट काढून टाकत. जाळी येण्याचा प्रश्नच नव्हता, पण लेन्स बसवायला जागाही उरत नसे. म्हणून त्या पिढीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या नाकावर बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचे चष्मे असत आणि त्यातून त्यांचे डोळे मोठेच्या मोठे दिसत. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांनी १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली, आणि हळूहळू पिशवी राखून ऑपरेशन करण्याची पद्धत रुळली. जाळी ही त्या सोयीबरोबर आलेली अडचण. पूर्वी ती सुईने किंवा पात्याने फाडावी लागे, म्हणजे पुन्हा डोळ्यात शिरणं आलं. १९८०च्या सुमारास पॅरिसच्या डॅनिएल आरोन-रोझा आणि स्वित्झर्लंडचे फ्रान्झ फांकहाउझर यांनी त्यासाठी याग लेझर वापरात आणला आणि डोळा न उघडता हे काम होऊ लागलं.

जाळी येणं हा डॉक्टरांचा हलगर्जीपणाही नाही आणि लेन्स खराब असल्याचा पुरावाही नाही. नव्वदच्या दशकापर्यंतच्या अभ्यासांचे एकत्र केलेले आकडे पाहिले तर ऑपरेशननंतर पाच वर्षांत चारातल्या एका डोळ्याला अशी जाळी येत असे. आता चौकोनी धारेच्या कडा असलेल्या लेन्स आल्यापासून हे प्रमाण खाली आलं आहे. ती धार सालीला घट्ट टेकते आणि सरकणाऱ्या पेशींना अडवते. वय कमी असेल, डोळ्याला आतून सूज येण्याचा आजार असेल, तर शक्यता वाढते. लहान मुलांमध्ये तर जाळी जवळजवळ ठरलेलीच, म्हणून त्यांच्या ऑपरेशनमध्येच मागच्या सालीला खिडकी करून ठेवतात.

"पडदा" या शब्दापाशी थांबा

आपल्याकडे एक मोठा घोळ होतो. डोळ्याच्या तळाशी जिथे चित्र उमटतं त्या दृष्टिपटलालाही आपण "पडदा" म्हणतो आणि लेन्समागच्या जाळीलाही "पडदा आलाय" म्हणतो. शेजारच्या काकांनी "पडद्याचं लेझर" केलं असेल तर ते बहुधा मधुमेहामुळे दृष्टिपटलावर केलेलं लेझर असतं. त्याचं यंत्र वेगळं, कारण वेगळं, आणि ते अनेक बैठकांमध्ये चालतं. तिसरा प्रकार काचबिंदूचा: त्यात यंत्र हेच असतं, पण छिद्र बुबुळाच्या रंगीत भागाला करतात. तिघांचे अनुभव एकमेकांना लागू पडत नाहीत. केसपेपरवर "याग कॅप्सुलॉटमी", म्हणजे याग लेझरने लेन्समागच्या सालीला खिडकी करणं, असं लिहिलंय ना, एवढं वाचून घ्या. सही करायच्या कागदावरही तेच शब्द आणि बरोबर डोळा, उजवा की डावा, हे बघा.

पहिली पायरी: घरी एकेक डोळा झाकून बघा

दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम सांभाळून घेतो आणि महिनोन् महिने पत्ता लागत नाही. म्हणून दिवसाउजेडी, चष्मा लावून, तळहाताने एक डोळा झाका. दाबू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा. ठळक तारखा दोन्ही डोळ्यांनी दिसतील. तिथीची बारीक अक्षरं वाचून घ्या, कारण फरक तिथे पडतो.

जाळीचा धूसरपणा बहुतेक वेळा असा असतो: हळूहळू वाढतो, दुखत नाही, डोळा लाल होत नाही. काचेवर वाफ धरल्यासारखं दिसतं. रंग फिके पडतात. संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे पसरतात. आई म्हणायची, देवापुढच्या निरांजनाच्या ज्योतीभोवती कापूस लावल्यासारखं दिसतं. मला अजून कुणाकडून याहून नेमकं वर्णन ऐकायला मिळालेलं नाही.

आता दुसरी, जास्त महत्त्वाची चाचणी. एकेका डोळ्याने खिडकीच्या गजांकडे किंवा फरशीच्या सांध्यांकडे बघा. सरळ रेघा सरळ दिसतात का? त्या वाकड्या, लाटेसारख्या दिसत असतील किंवा मधोमध एखादा काळा ठिपका राहत असेल, तर दुखणं बहुधा दृष्टिपटलाचं आहे आणि नुसत्या याग लेझरने ते जाणार नाही. अशा वेळी वेळ काढू नका.

आणि पुढच्यापैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, सुट्टी असली तरी: अचानक दृष्टी कमी होणं, डोळा दुखून लाल होणं, डोळ्यात वीज चमकल्यासारखं होणं, एकाएकी काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणं, एका बाजूने काळी सावली सरकत येणं. यातलं एकही लक्षण जाळीचं नाही. ऑपरेशन होऊन काही दिवसच झाले असतील आणि दुखत-लाल होत असेल तर आत जंतुसंसर्ग असू शकतो, तिथे तासांचा हिशेब असतो.

दुसरी पायरी: चष्म्याच्या दुकानाआधी डॉक्टर

आमची चूक इथे झाली. नंबर काढून देणाऱ्या माणसाने यंत्राचा आकडा पाहिला, काच बदलली, पण डोळ्यात कुणी डोकावलं नाही. धुरकट काचेतून काढलेला नंबर भरवशाचा नसतो.

जाताना ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड न्या. त्यावर लेन्सचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यात लेन्सचा प्रकार आणि पॉवर असते. शिबिरात ऑपरेशन झालं असेल तर त्या संस्थेने दिलेला कागद न्या. रोजच्या गोळ्यांची पानं पिशवीत टाका, काचबिंदूचे थेंब चालू असतील तर ती बाटलीसुद्धा. सोबत एक माणूस हवंच. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही. गाडी स्वतः चालवत जाऊ नका, टोपी किंवा काळा चष्मा बरोबर ठेवा.

डॉक्टरांनी काय तपासलं पाहिजे? तक्त्यावर दृष्टी, डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करून लेन्समागची साल, आणि मग दृष्टिपटल. शेवटच्या गोष्टीवर मी अडून बसेन. जाळी दिसली म्हणजे धूसरपणाचं कारण सापडलं असं नेहमीच नसतं. जाळी थोडी असते आणि खरं नुकसान मधुमेहाने, काचबिंदूने किंवा दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूच्या झिजेने केलेलं असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्याने दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येऊन दृष्टी उतरते, तेही जाळीसारखंच वाटू शकतं. शंका असेल तर डॉक्टर ओसीटी नावाचं स्कॅन सांगतात. त्यात डोळ्याला काही लागत नाही, इंजेक्शनही नसतं. कधी कधी तर कारण साधा डोळ्यांचा कोरडेपणा असतो: पापण्या मिटून उघडल्या की क्षणभर स्पष्ट दिसतं आणि पुन्हा धूसर होतं. ही खूण डॉक्टरांना जरूर सांगा.

हा एक प्रश्न थेट विचारा: "डॉक्टर, जेवढं कमी दिसतंय ते सगळं या जाळीमुळेच आहे का?" उत्तर "हो" असेल तर लेझरनंतर चांगलं दिसेल. "काही भाग जाळीचा, काही पडद्याचा" असं असेल तर तेही आधीच कळलेलं बरं. नंतर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हिरमोड होत नाही.

तिसरी पायरी: लेझर आत्ता करायचं की थांबायचं

जाळी आहे पण त्रास नाही, तर काहीच करायचं नसतं. ती पसरून डोळा जाईल अशी भीती नको. वाचायला, चालायला, रात्री बाहेर पडायला अडतंय, तर करायचं. मधुमेही माणसाचं दृष्टिपटल डॉक्टरांना जाळीमुळे नीट दिसत नसेल, तर तेवढ्यासाठीही करतात. मात्र वर्षानुवर्षं टाळलं आणि साल जाड झाली की ती फोडायला लेझरची ताकद जास्त लावावी लागते.

ऑपरेशन ताजं असेल तर साधारण तीन महिने तरी थांबतात, कारण लेन्स पिशवीत घट्ट बसायला आणि आतली सूज उतरायला वेळ द्यावा लागतो. डोळ्यात सूज किंवा संसर्ग चालू असताना लेझर करत नाहीत. काचबिंदू असेल, चष्म्याचा मोठा मायनस नंबर ऑपरेशनआधी असेल, किंवा घरात कुणाचं दृष्टिपटल सुटलं असेल, तर ते न विचारता सांगा.

महागडी, दूर-जवळ दोन्ही दाखवणारी लेन्स बसवली आहे आणि पहिल्या दिवसापासूनच समाधान नाही, अशांनी इथे घाई करू नये. मागची साल उघडली की लेन्स बदलून घेणं पुढे फार अवघड होतं. त्रास लेन्सचा आहे की जाळीचा, हे आधी ठरवा. सुरुवातीला छान दिसत होतं आणि नंतर बिघडलं, तर संशय जाळीवर. पहिल्यापासूनच दिव्यांभोवती वलयं होती, तर आधी लेन्सचा विचार.

चौथी पायरी: लेझरचा दिवस

उपाशी राहायचं नाही. नेहमीसारखा नाश्ता करा, बीपी-शुगरच्या गोळ्या घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. या लेझरसाठी ती सहसा बंद करावी लागत नाही, आपल्या मनाने तर करूच नका. डोळ्यात काजळ, सुरमा काही नको.

पोचल्यावर बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. त्यांनी क्वचित बीपी वाढतं, म्हणून हृदयाचा त्रास असेल तर थेंब घालणाऱ्या ताईंना सांगा. दाब वाढू नये म्हणून आणखी एक थेंब लेझरच्या आधी किंवा नंतर घालतात. अर्धा-पाऊण तास बाकावर बसून काढावा लागतो. मग डोळा बधिर करणारा थेंब. इंजेक्शन नाही, टाका नाही, पट्टी नाही.

यंत्र नेहमीच्या तपासणीच्या यंत्रासारखंच दिसतं. हनुवटी ठेवायची, कपाळ पुढच्या पट्ट्याला घट्ट टेकवायचं. डॉक्टर बऱ्याचदा डोळ्यावर जेल लावून एक छोटी काच ठेवतात, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि नेम नीट लागतो. आत लाल बारीक ठिपका दिसतो, तो नेम धरायचा उजेड. खरा लेझर डोळ्याला दिसत नाही. तो जाळत नाही. सेकंदाच्या काही अब्जांश भागात एका बिंदूवर बारीकशी ठिणगी पडते आणि तिच्या धक्क्याने साल तिथे फाटते. असे वीस, तीस, कधी जास्त ठोके देत देत मधोमध तीन-चार मिलिमीटरची खिडकी होते. लेन्स जागेवर राहते, कारण कडेची साल शाबूत असते.

प्रत्येक ठोक्याला "टक्" असा आवाज येतो. आई नेमकी त्याला दचकली आणि पहिल्या दोन ठोक्यांना डोकं मागे घेतलं. डॉक्टर थांबले, म्हणाले, "मावशी, खळ्ळकन फुटल्यासारखं वाटेल, पण दुखणार नाही. श्वास घ्या." मग मी मागून तिचं डोकं दोन्ही हातांनी पट्ट्याला टेकवून धरलं आणि पुढचं सगळं सुरळीत झालं. म्हणून आदल्या दिवशी घरी सांगून ठेवा: टकटक आवाज येईल, उजेड चमकेल, हलायचं नाही, दुसऱ्या डोळ्याने समोर दाखवतील तिकडे बघत राहायचं. पाठीला बाक असेल तर स्टूल कमी-जास्त करून मागा. पाय अधांतरी लोंबकळत असतील तर माणूस स्थिर बसत नाही. कमी ऐकू येत असेल तर कानातलं यंत्र काढू नका.

पाचवी पायरी: त्यानंतरचे दिवस

बहुतेक ठिकाणी तासाभराने डोळ्याचा दाब पुन्हा मोजतात. काचबिंदू असलेल्यांनी त्याआधी दवाखाना सोडू नये. घरी आल्यावर नेहमीची कामं चालतात: स्वयंपाक, अंघोळ, टीव्ही. सूज उतरवणारे थेंब चार-सात दिवस असतात. आधी हात धुवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब घाला आणि डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबा. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. काचबिंदूचे नेहमीचे थेंब बंद करू नका.

त्या दिवशी बाहुली मोठी असल्यामुळे धूसरच दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी फरक कळतो. फाटलेल्या सालीचे बारीक तुकडे काही दिवस, कधी काही आठवडे, डासांसारखे नजरेसमोर तरंगतात आणि हळूहळू खाली बसतात. थोडे ठिपके, कमी होत जाणारे, म्हणजे ठीक.

ठीक नसलेल्या गोष्टी मोजक्या आहेत. पहिल्या एक-दोन दिवसांत डोळा ठणकून डोकं दुखणं, मळमळणं म्हणजे दाब वाढलेला असू शकतो. काही आठवड्यांत पुन्हा मधोमध धूसर होणं म्हणजे दृष्टिपटलाला सूज आलेली असू शकते. आणि चमका, वाढते ठिपके, बाजूने सरकती सावली म्हणजे दृष्टिपटल सुटण्याची शंका. हे क्वचित होतं, मोठा मायनस नंबर असलेल्यांत जरा जास्त, पण काही महिन्यांनीही होऊ शकतं. म्हणून ही लक्षणं फक्त पेशंटला सांगून भागत नाही, घरात एकाला तरी पाठ असायला हवीत. लेझरचा एखादा ठोका लेन्सवर बसून बारीक खड्डा पडतो, पण त्याचा दृष्टीवर सहसा परिणाम होत नाही.

खिडकी एकदा झाली की ती बहुधा कायमची असते. मोठ्या माणसांत पुन्हा लेझर करायची वेळ फार क्वचित येते.

चष्मा आणि कागदपत्रं

नवा चष्मा लेझरच्या दुसऱ्या दिवशी करू नका. तीन-चार आठवडे जाऊ द्या, दृष्टिपटल पुन्हा तपासून घ्या, मग नंबर. आईचा तर दूरचा नंबर लेझरनंतर जवळजवळ पूर्वीचाच निघाला, म्हणजे मधला तो चष्मा करायलाच नको होता.

याग लेझरचं यंत्र प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी असेलच असं नाही. म्हाताऱ्या माणसाला एसटीने घेऊन जाण्याआधी जिल्हा रुग्णालयात, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा ज्या संस्थेने शिबिरात ऑपरेशन केलं तिथे फोन करून तीन गोष्टी विचारा: यंत्र चालू आहे का, लेझर कोणत्या वारी करतात, आणि तपासणी व लेझर एकाच दिवशी होतं का. खासगीत गेलात तर सांगितलेल्या रकमेत नंतरची दाबाची तपासणी आणि पुढची भेट धरली आहे का, तेही विचारा.

लेझर झाल्यावर ऑपरेशनच्या कार्डावरच तारीख, डोळा आणि "याग कॅप्सुलॉटमी झाली" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांना लेन्सला हात लावायची वेळ आली तर मागची साल उघडी आहे हे त्यांना आधी कळणं फार गरजेचं असतं. आईचं कार्ड आम्ही प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रेशनकार्डाबरोबर ठेवलंय, आणि दर महिन्याच्या एक तारखेला कॅलेंडरचं पान उलटताना ती एकेक डोळा झाकून तिथीची अक्षरं वाचून दाखवते. डावा डोळा अजून स्वच्छ आहे.